तिसऱ्या हाताची सावली

यल्लप्पा पाथरवटाला ज्या माणसाचा हेवा वाटू लागला, तो मरून एकोणीसशे वर्षं झाली होती. त्याचं नावही कोणाला माहीत नव्हतं. कागदोपत्री त्याला ‘तिसरा हात’ म्हणत.

हे मिरजेत घडलं, दोन हजार त्रेचाळीस साली. सांगलीच्या रस्त्यावर मुलांसाठी एक संग्रहालय उभं राहत होतं. त्यात जुन्या जगातल्या खोल्या खऱ्या मापाच्या बांधायच्या होत्या. मुलांनी आत जायचं, बसायचं, हात लावून बघायचं. त्यातली एक खोली होती रोमन श्रीमंताच्या घरातली, जेवणाची. तिच्या भिंती दुसऱ्या कारागिरांकडे होत्या. जमीन मात्र यल्लप्पाकडे आली, कारण मुगाच्या दाण्याएवढे दगडाचे खडे हाताने फोडणारा दुसरा माणूस त्या भागात उरला नव्हता. त्याचे वडील जाती आणि पाटे-वरवंटे घडवत. घरोघरी मिक्सर आले तेव्हा यल्लप्पा दगडी जमिनींवर नक्षी बसवू लागला. आता त्याला साठावं लागलं होतं.

मूळ जमीन ट्युनिसियाच्या किनाऱ्यावर वाळूखाली सापडली होती. रोमचं राज्य एके काळी समुद्राच्या त्या काठापर्यंत पसरलेलं होतं, आणि धान्या-तेलाच्या व्यापारावर गब्बर झालेले तिथले लोक रोमसारखीच घरं बांधत. जेवणाच्या खोलीत तीन बाजूंना तीन रुंद पलंग असत. पाहुणे त्यांवर डाव्या कोपरावर रेलून, आडवे पडून जेवत आणि हाडं, टरफलं खाली टाकत. घरातले दास ती झाडून नेत. या घराच्या मालकाने तो कचराच जमिनीवर दगडात करून घेतला होता. खेकड्याची नांगी, कोंबडीचं हाड, अक्रोडाचं टरफल, द्राक्षांचा रिकामा घोस आणि मधोमध एका माशाचा सांगाडा. प्रत्येकाला स्वतःची सावली होती, तीही खड्यांचीच. जमीन कितीही झाडली तरी मेजवानी आत्ताच संपल्यासारखी दिसावी आणि या घरात खाण्यापिण्याला तोटा नाही हे आल्यागेल्याला कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. कडेला लॅटिन अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘फेलिक्सने केले’.

यल्लप्पाच्या हाताखाली सायरा बागवान होती. वय चोवीस. तिच्या वडिलांचा बाजारात फळांचा गाळा होता. सोळाव्या वर्षी ती यल्लप्पाकडे शिकायला आली तेव्हा त्याने तिला आधी गाळ्यावरच बघून ठेवलं होतं. डाळिंबांची रास ती अशी रचायची, की उन्हाकडची बाजू आणि सावलीकडची बाजू वेगळ्या लालीची दिसे. पोरीला डोळा आहे, हे त्याने त्याच दिवशी ओळखलं. एक खोड मात्र होती. ती डावखुरी होती. पाथरवटांच्या कामात डावा हात दगड धरतो आणि उजवा लावतो. शिवाय एका फळीवर दोघं शेजारी बसले आणि एक डावखुरा असला, की कोपराला कोपर आदळतं. यल्लप्पाच्या वडिलांनी एका डावखुऱ्या पुतण्याला असंच वळण लावलं होतं. म्हणून यल्लप्पाने पहिले सहा महिने सायराच्या डाव्या हाताला फडकं बांधलं. तिने तक्रार केली नाही. आठ वर्षांत ती उजव्या हाताने चांगलं काम करू लागली. चांगलं, म्हणजे यल्लप्पाच्या खालोखाल.

मार्चमध्ये एका शाळेची सहावीची मुलं काम बघायला आली. मुलांना समजावून सांगणं यल्लप्पाला मनापासून आवडे. खडा कसा फोडायचा, चुना महिनाभर पाण्यात का विरवायचा, हे त्याने त्यांना करून दाखवलं. तेव्हा एका मुलीने विचारलं, की मग झाडणाऱ्याला खरं हाड कुठलं आणि दगडाचं कुठलं हे कसं कळायचं. यल्लप्पा नुसता हसला.

“दिवा हलवायचा,” सायरा फळीवरूनच म्हणाली. “खऱ्याची सावली हलते. दगडाची जागेवर राहते.”

तिने मोबाइलचा उजेड इकडून तिकडे फिरवून दाखवला, आणि वीसच्या वीस मुलं तिच्याभोवती जमली. यल्लप्पाने हातोडी उचलली आणि तो गरज नसलेले खडे फोडत बसला.

त्याच महिन्यात हस्तवाचक आला.

हे यंत्र काय करतं ते समजायला आधी चुना समजून घ्यावा लागतो. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की तो उकळून विरतो आणि लोण्यासारखा होतो. हा चुना जमिनीवर पसरला, की हवेतून तोच वायू तो हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. ओल्या चुन्यात खडा अंगठ्याने दाबला की चुना थोडा बाजूला सरकतो आणि कडेला फुगतो. तो फुगवटाही मग दगड होतो. अंगठा कोणत्या दिशेने आला, किती जोराने टेकला, शेवटी कुठे कलला, हे सारं खड्याच्या पोटाखाली कायमचं राहतं. आणखी एक गोष्ट. चुना आवळण्याचा, म्हणजे घट्ट होत जाण्याचा, वेग ठरलेला असतो. आधी बसवलेला खडा खोल जातो, नंतरचा वर राहतो. त्यावरून दोन खड्यांच्या मध्ये किती वेळ गेला, तेही काढता येतं.

हस्तवाचक जमिनीवरून क्ष-किरणांचा झोत फिरवी आणि खड्यांखालचा चुना पापुद्र्या-पापुद्र्याने वाची. चाळीस हजार खडे वाचून झाले, की संगणक त्यांतून माणसाचा हात उभा करी. त्याचं वजन, त्याचं मनगट, त्याची लय. ट्युनिसियातली मूळ जमीन त्याने आधीच वाचली होती आणि तिच्यात असे तीन हात सापडले होते. पहिला फेलिक्सचा, कारण नावाची अक्षरं त्याच हाताने बसवलेली होती. दुसऱ्याने नुसती पांढरी जमीन भरली होती. तिसरा लहान होता, दासाचा असावा. आणि तो डावा होता. सगळ्या सावल्या त्याच्या होत्या.

यंत्रासोबत आलेल्या डॉक्टर उर्जिता काळसेकर यांनी हातमोजे आणले होते. मोज्याच्या आत केसासारख्या तारा होत्या. त्या ओढल्या-सोडल्या जात आणि मोजा घालणाऱ्याच्या बोटांना तो जुना हात जसा हले तसं हलवत. काळसेकर मॅडमनी पहिला मान यल्लप्पाला दिला. त्याने फेलिक्सचा मोजा घातला आणि दहा-बारा खडे बसवले. दाबावं, अर्धा वळसा द्यावा, पुढे जावं. माणूस ओळखीचा वाटला, असं तो म्हणाला. चांगला आहे, पण जगावेगळा नाही.

तिसऱ्या हाताचा मोजा त्याला घालता येईना, कारण डाव्या हाताने त्याने आयुष्यात खडा लावला नव्हता. मॅडमनी सायराकडे बघितलं. सायराने यल्लप्पाकडे. तो बाजूला सरकला, तेव्हा तिने डावा हात मोज्यात घातला.

पहिल्या तासात तिचे खडे वाकडे गेले. दुसऱ्या दिवशी ते सरळ झाले. आठवड्याने अक्रोडाच्या टरफलाची सावली पुरी झाली, आणि मॅडम तिच्याभोवती तीनदा फिरून आल्या. तिसरा हात खडा सपाट बसवत नसे. प्रत्येक खडा तो किंचित कलता ठेवी, एक एका बाजूला, दुसरा दुसऱ्या. त्यामुळे उजेड त्यावरून घरंगळे आणि सावली पातळ दिसे, धुरासारखी. यल्लप्पाने पायाच्या अंगठ्याने त्या सावलीवर हलकेच दाबून पाहिलं. खडे पक्के बसले होते.

त्यानंतर सायराच्या बोलण्यात तो माणूस येऊ लागला. त्याला असा खडा आवडत नाही. तो इथे घाई करत नाही. तो आधी सावली करतो, मग वस्तू. यल्लप्पा ऐकून घेई. एकदा चहा आला तेव्हा तो म्हणाला, “विचार बाई त्याला, घेणार का म्हणून.”

“घेईल की,” सायरा म्हणाली. “डाव्या हातानं.”

ती सहज बोलली होती. यल्लप्पाला चहा कडू लागला. आठ वर्षं त्याने या पोरीला काय दिलं नव्हतं? दगड निवडायला शिकवलं, छिन्नीला पाणी द्यायला शिकवलं, चुना जिभेवर ठेवून ओळखायला शिकवलं. आणि कोण कुठला एक दास, ज्याला तोंड नाही, नाव नाही, त्याने तिला तीन आठवड्यांत यल्लप्पाच्या पुढे नेऊन ठेवलं. तो जिवंत असता तर यल्लप्पा त्याच्याशी भांडला असता, त्याच्या कामात खोट काढली असती. मेलेल्या हाताशी काय भांडणार? घरी त्याचं जेवण अर्धंच राही. गंगव्वाने, त्याच्या बायकोने, एकदा सरळच सांगितलं, की शिष्याचं नाव झालं तर गुरूची छाती फुगते, तुमची आत का चालली आहे. त्याने ताट सरकवलं आणि भूक नाही म्हणून सांगितलं.

मग ट्युनिसियाहून पत्र आलं. मूळ जमीन उचलून, तिचे सुटलेले खडे पुन्हा बसवण्याचं काम दोन वर्षं चालणार होतं. त्यासाठी मिरजेतून एक माणूस घेणार होते. माशाच्या सांगाड्याची सावली ज्याने केली असेल, तो. ती सावली पाहून तिकडचे लोक ठरवणार होते. यल्लप्पाला वाटलं, फोटो मागवतील.

माशाची सावली सायराने मोजा काढून ठेवून सुरू केली. आता तो लागत नाही, असं ती म्हणाली. दोन दिवस यल्लप्पा शेजारच्या फळीवर पांढरी जमीन भरत बसला आणि तिचा डावा हात बघत राहिला. हात घाईत नव्हता आणि थांबतही नव्हता.

मंगळवारी दुपारी ती वडिलांचा डबा द्यायला गाळ्यावर गेली. मॅडम त्यांच्या खोलीत होत्या. कामाच्या शेडमध्ये यल्लप्पा एकटाच राहिला. आपण नुसतं जवळून बघायला जातोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. सावलीचा शेपटाकडचा भाग तासाभरापूर्वीचा होता, चुना अजून मऊ होता. त्याने छिन्नीच्या टोकाने एक खडा उचलला, पोट पुसलं, खाली थोडा ताजा चुना लावला आणि खडा परत ठेवला. सपाट. अंगठ्याने दाबून त्याला अर्धा वळसा दिला. मग दुसरा उचलला. पत्र्याचं दार वाजलं का ते ऐकत, त्याने असे अकरा खडे बसवले. रंग तेच होते, जागा त्याच होत्या. फक्त शेपटाजवळ सावली होती तिथे डाग दिसू लागला. पुढच्याला वाटावं, पोरीचा हात शेवटी थकला. पाथरवट दगडाचा माथा बघतात. एकदा बसवलेल्या दगडाचं पोट कोणी बघत नाही, आणि हस्तवाचक जुन्या जमिनी वाचतो, नव्या नाही, असंच तो धरून चालला होता.

संध्याकाळी पाच वाजता, सायरा गाळ्यावरून परत येताच, मॅडमनी यंत्र माशावर आणून उभं केलं. फोटो नकोत, सायराच्या हाताचं वाचन पाठवा, असं तिकडून कळवलं होतं.

पडद्यावर सावलीचे खडे एकेक करून निळे झाले. निळा म्हणजे सायरा. शेपटाजवळ येऊन अकरा खडे पिवळे झाले.

“हे तुमचे, मामा,” मॅडम म्हणाल्या; यल्लप्पाची पांढरी जमीन त्यांनी त्याच्या नकळत आधीच वाचून ठेवली होती. त्या नाराज नव्हत्या. उलट त्यांना आनंद झाला होता. त्यांनी दुसऱ्या पडद्यावर मूळ जमिनीतली माशाची सावली काढली. तिथेही शेपटाजवळ तिसऱ्या हाताचे खडे उपटलेले होते, आणि एकोणीस खडे फेलिक्सने नव्या चुन्यात बसवले होते. महिन्यापूर्वी त्यांनी हे शोधलं होतं आणि आपल्या निबंधात त्याला ‘गुरूची दुरुस्ती’ असं नाव दिलं होतं. कारागीर दास असो की कोणी, शेवटचा हात उस्तादाचा, हा कायदा रोममध्येही होता आणि मिरजेतही आहे, असं त्या सांगत होत्या. फेलिक्सने तर प्रत्येक खड्याआधी थांबून विचार केला होता. त्याच्या नेहमीच्या कामात दोन खड्यांत चार-पाच सेकंद असत. इथे पंधरा, वीस.

मग त्या सायराकडे वळल्या. नियम असा होता, की निवडीच्या कामात ज्याची दुरुस्ती गुरूला करावी लागली, त्याची नोंद ‘शिकाऊ’ म्हणून करायची. शिकाऊ माणूस मूळ जमिनीला हात लावू शकत नव्हता.

यल्लप्पाला काहीच करावं लागणार नव्हतं. गप्प बसलं की पुरे. पोरगी मिरजेत राहिली असती, त्याच्या शेजारच्या फळीवर, त्याच्या खालोखाल.

सायरा माशाजवळ उकिडवी बसली. तिने त्या अकरा खड्यांवरून बोट फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वही तपासून मिळालेल्या मुलासारखी ती ते बघत होती.

“माझं काय चुकलं होतं, मामा?” तिने विचारलं. “सांगा ना. परत नाही होणार.”

यल्लप्पा पडद्याकडे गेला. त्याने मॅडमना फेलिक्सचा मोजा मागितला आणि त्यात त्या एकोणीस खड्यांच्या हालचाली लावायला सांगितलं. मॅडमनी तारा जोडल्या. त्याने डोळे मिटले. फेलिक्सचा हात खडा घेऊन हवेत आला आणि थांबला. बोटं खड्यावर आवळलेली होती. ज्याला खडा कसा लावायचा याचा विचार पडतो, तो खडा बोटांत फिरवतो, त्याची बाजू शोधतो. हा हात खडा फिरवत नव्हता. तो नुसता थांबला होता. मग अंगठा एकदम खाली गेला, गरजेपेक्षा जोरात. पुन्हा खडा, पुन्हा थांबणं. चौथ्या खड्याला यल्लप्पाने मोजा काढला.

“हा विचार करत नव्हता,” तो म्हणाला. “दाराकडं बघत होता.”

मॅडमना कळलं नाही. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. त्याने पिवळ्या खड्यांकडे बोट केलं आणि त्याचं स्वतःचं आधीचं काम व हे अकरा खडे शेजारी ठेवून मोजायला सांगितलं. त्यांनी मोजलं. पांढऱ्या जमिनीत यल्लप्पाच्या दोन खड्यांमध्ये चार सेकंद होते. खेकड्याच्या नांगीत सायराची चूक त्याने मागे खरोखर सुधारली होती, तिथे तीन. दुरुस्ती करताना उस्ताद भराभर करतो. या अकरांत सोळा, अठरा, एकवीस होते. फेलिक्सच्या वेळांची रेघ आणि यल्लप्पाच्या वेळांची रेघ मॅडमनी पडद्यावर एकीवर एक ठेवली, आणि मग त्या खुर्चीवर बसल्या.

“चूक नव्हती,” यल्लप्पा सायराला म्हणाला. “एक पण नव्हती. बघवलं नाही मला.”

सायरा त्याच्याकडे बघत होती. मग तिने स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं, तळवा उलटा-सुलटा करून, जणू तो आत्ताच तिला कोणी परत आणून दिला होता.

“उठवा ते,” ती म्हणाली.

तो गुडघ्यांवर बसला. चुना दुपारपेक्षा आवळला होता, पण अजून सुटत होता. त्याने अकराही खडे काढले, पोटं घासून स्वच्छ केली आणि ओल्या फडक्यावर ओळीने मांडले. मॅडम पलीकडून हळू आवाजात सांगत होत्या, की आता रात्री काहीच पाठवणार नाही, उद्या सकाळी पुन्हा वाचेन, आणि त्या सावलीत एकच हात असला तर अडवणारं कोणी नाही. निबंधातला तो मथळा त्यांना बदलावा लागणार होता. काय लिहायचं ते त्यांना अजून सुचत नव्हतं.

सायराने डावा हात पुढे केला. यल्लप्पाने तिच्या तळव्यावर पहिला खडा ठेवला. तिने तो कलता बसवला आणि हात पुन्हा मागे आणला. दुसरा. तिसरा. शेपटाजवळचा डाग पातळ होऊ लागला, उजेड पुन्हा त्यावरून घरंगळू लागला. इतक्या जवळून यल्लप्पाने तिचा हात कधी पाहिला नव्हता. प्रत्येक खडा देताना त्याला कळत होतं, की तो तिला मिरजेपासून एकेक मजल लांब पाठवतो आहे, आणि ते त्याला अजूनही बघवत नव्हतं.

“ह्या अकरांचं मी विसरेन, मामा,” ती मान वर न करता म्हणाली. “फडकं सहा महिन्यांत सुटलं, पण आठ वर्षं तुम्ही हा हात बांधून ठेवलात, त्याचं अजून काही ठरलं नाही.”

त्याने मान हलवली. तिने ती पाहिली नाही.

“सातवा द्या,” ती म्हणाली.

त्याने सातवा खडा दिला.